टेबलावरचं बोलणं

सावर्डेकरांनी कोटाच्या खिशातून कांदा-लसूण चटणीची पुडी काढली, तिचं टोक दातांनी फाडलं आणि ओकादा-साननी नुकत्याच आणून ठेवलेल्या पास्त्यावर ती अशी उपडी केली, की खालचं हिरवं काही दिसेना. मग काट्याने सगळं कालवलं, एक घास तोंडात टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"नुसत्या उकडलेल्या शेवया आहेत हो. मीठ तरी घालायचं."

मी जपानीत सांगितलं, "नुसत्या उकडलेल्या शेवया आहेत. मीठ तरी घालायचं."

काउंटरमागे ओकादा-सान हसले आणि मिठाची वाटी घेऊन आले. समोर बसलेले मशिनवाले कुमागाई-सानही हसले. सावर्डेकर तेवढे हसले नाहीत.

"अहो मॅडम, हे कशाला सांगितलंत?"

"टेबलावर जे बोलाल ते सगळं मी सांगणार, असं सकाळी ठरलं होतं. हेही सांगू का?"

"राहू दे," ते म्हणाले. मी तेही सांगितलं.

हे मी नाठाळपणा म्हणून करत नव्हते. निदान सगळाच नाठाळपणा नव्हता. दुभाष्याचं काम मी तेव्हा बरीच वर्षं करत होते. पुण्यात जपानी शिकले, लग्न करून नागोयाला आले, आणि आपल्याकडचे कारखानदार मशिनं घ्यायला आले की एका एजन्सीतर्फे त्यांच्याबरोबर फिरायचं हा माझा धंदा झाला. प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एक नियम सांगत असे. समोरचा माणूस बसलेला असताना तुम्ही जे बोलाल ते मी त्याच्या भाषेत बोलणार, मधलं गाळणार नाही. त्याला कळू नये असं काही असेल तर बाहेर जाऊन बोला. गाडीत बोला, लिफ्टमध्ये बोला, तिथलं मी विसरून जाईन. सावर्डेकरांनी सकाळी हॉटेलच्या लॉबीत हे ऐकून मान हलवली होती आणि लगेच चहाला दूध मिळेल का ते विचारलं होतं.

आमच्या कामाची आणखी एक रीत आहे. दुभाषी 'हे असं म्हणतात' असं म्हणत नाही. समोरचा म्हणाला, 'मी येतो', तर आपणही 'मी येतो' असंच म्हणायचं. दिवसभर माझ्या तोंडून 'मी' निघायचं ते दुसऱ्याचंच. स्वतःचं काही सांगायची वेळ आली तर 'दुभाषी म्हणते की आवाज आला नाही' असं म्हणायचं. नवऱ्याला याची मोठी गंमत वाटायची. मलाही वाटायची, त्या संध्याकाळपर्यंत.

गाव होतं कुवाना. नागोयापासून जवळच, समुद्राकाठी. ओतकामाचे जुने कारखाने आणि शिंपल्या, या दोन गोष्टींसाठी ओळखलं जाणारं. ओकादा-सानचं इटालियन हॉटेल एका गल्लीत, लाँड्रीला लागून होतं. दोन टेबलं, काउंटरपुढे काही स्टुलं, वर त्यांचं घर. नवरा रांधायचा, बायको वाढायची. गावच्या शिंपल्या घालून ते जो पास्ता करायचे तो खायला नागोयाहून लोक येत. पण त्या दिवशी गुरुवार होता आणि सावर्डेकर गुरुवारी मांसमच्छी खात नसत. बाकी सहा दिवस त्यांना काहीही चालायचं. कुमागाई-साननी मात्र पाहुण्याचा मोठा धर्म आहे असं समजून चार दिवस आधी फोन केला होता. ओकादा-साननी पास्त्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवलं, आणि मोहरीच्या कोवळ्या फुलोऱ्याची भाजी आणून तिच्यात पास्ता केला. त्या फुलोऱ्यावर आता पुडीभर चटणी पसरली होती.

पण मला राग चटणीचा नव्हता. चटणी मीही नेते.

हॉटेलकडे येताना टॅक्सीत सावर्डेकरांना कोल्हापूरहून फोन आला होता. त्यांच्या फाउंड्रीचा मॅनेजर होता, कुणी चव्हाण. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मागे ते बोलत होते, मी म्हणजे टॅक्सीचं एक सीट आहे असं समजून. काल दुपारच्या पाळीत सर्जेरावचा हात मशिनमध्ये गेला होता. उजवा. अंगठा वाचला, बाकीची बोटं गेली.

"कुठल्या मशिनवर? जपानी?" सावर्डेकर म्हणाले. मग जरा थांबून, "तार काढलीस न्हवं बटणाची? मग काढ की बाबा आधी ती. इन्स्पेक्टर यायच्या आधी काढ."

सर्जेराव मगदूमला मी ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी सावर्डेकरांनीच त्याला सहा महिन्यांसाठी कुवानाला पाठवलं होतं, कुमागाई-सानच्या कारखान्यात मशिन शिकायला. आठवड्यातून दोनदा मी दुभाषी म्हणून जायची. सर्जेराव मला ताई म्हणायचा. दिवाळीला आमच्या घरी आला तेव्हा येताना ज्वारीचं पीठ घेऊन आला आणि मला बाजूला सारून स्वतः भाकऱ्या थापल्या. ओकादा-सानच्या स्वयंपाकघरातही एकदा शिरला होता. पास्त्याची कणीक मळताना बघून त्याचे हात शिवशिवले असावेत. तिथेच त्याने दोन्ही हातांवर भाकरी थापून दाखवली, तेव्हा ओकादा-सान आणि त्यांची बायको काम सोडून बघत उभे राहिले. ही मोठी थोरली भाकरी, आणि त्याहून मोठे तळवे.

टॅक्सीतून उतरल्याबरोबर हे कुमागाई-सानना सांगावंसं वाटत होतं. पण टॅक्सीतलं माझं नव्हतं. मीच तसं सांगितलं होतं. स्वतःचाच नियम असा गळ्यात येईल असं मला वाटलं नव्हतं.

तर आता टेबलावर आम्ही तिघं बसलो होतो. कुमागाई-सान सत्तरीचे, बारीक, कुडत्यासारखा सैल कोट घातलेले. वडिलांनी सुरू केलेला कारखाना. वडिलांच्या हाताची बोटं तरुणपणीच मशिनमध्ये गेली होती, त्यामुळे मुलाने पुढे वाळूचे साचे दाबायचं जे मशिन बनवलं त्याला दोन बटणं ठेवली. दोन बटणं एकमेकांपासून चांगली हातभर लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरची तापलेली प्लेट खाली येणार. म्हणजे प्लेट येते तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, आत नसतात. एवढी साधी गोष्ट. पण एक बटण तारेने कायमचं बांधून टाकलं, की एका हाताने काम होतं आणि दुसऱ्या हाताने वाळू साफ करता येते. काम भराभर होतं. मग कधीतरी हात आत राहतो.

सावर्डेकर आणखी दोन मशिनं घ्यायला आले होते.

जेवताना बोलणं सगळं त्याचंच झालं. मशिनं कधी मिळतील, बंदरातून किती दिवस लागतील, भावात थोडं खालीवर होईल का. माझ्यासमोर ओकादा-साननी ताट ठेवलंच नव्हतं. दुभाष्याला खाता येत नाही, तोंड रिकामं लागतं, हे त्यांना पूर्वीपासून माहीत होतं. जाता-येता त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमच्या शिंपल्या कधी करू?" मी म्हटलं, नंतर.

मग कुमागाई-साननी ओठ पुसले आणि विचारलं, "सर्जेराव-सान कसे आहेत?"

मी मराठीत विचारलं, "सर्जेराव कसा आहे?" आणि सावर्डेकरांच्या डोळ्यांत बघितलं. टॅक्सीत मी होते हे त्यांना आठवतंय का, ते मला बघायचं होतं. आठवत नव्हतं. म्हणजे आठवत असेलही, पण त्याने काही फरक पडतो असं त्यांना वाटत नव्हतं.

"मजेत आहे," ते म्हणाले. "एक नंबर काम करतोय. तुमची आठवण काढतो म्हणावं."

मी तेच जपानीत म्हटलं. मजेत आहे. एक नंबर काम करतोय. तुमची आठवण काढतो. शब्द माझ्या तोंडून गेले आणि कुमागाई-सानचा चेहरा फुलला. ओकादा-सानच्या बायकोनेही ते ऐकलं. तिने काउंटरमागून हाताच्या तळव्यांवर भाकरी थापल्यासारखं केलं आणि हसली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी बसल्या जागी अनुभवली. पण रीत म्हणजे रीत. खोटं बोलणारा खोटं बोलतो, दुभाषी सांगतो. त्यात दुभाष्याचा दोष नसतो, असं मला शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांना असं कुणी भेटलं नसावं.

कुमागाई-सान खाली वाकले. खुर्चीशेजारी ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी कागदात बांधलेलं काहीतरी काढलं, कागद सोडला आणि टेबलावर ठेवलं. जाड चामड्याचे हातमोजे होते, भट्टीजवळ घालायचे. दोन्ही भलेथोरले.

"सर्जेराव-सानना इथले कुठलेच मोजे बसत नव्हते," ते म्हणाले. "सगळे अंगठ्यापाशी उसवायचे. जायच्या आधी मी त्यांना ओतकामाच्या वाळूत दोन्ही पंजे उमटवायला सांगितले. त्या मापाने हे शिवून घेतले. ज्या कारागिराकडून शिवायचे होते तो आजारी पडला, म्हणून उशीर झाला. कृपा करून त्यांना द्या."

आणि ते उठून उभे राहिले, दोन्ही हातांत ती जोडी धरली आणि वाकून सावर्डेकरांपुढे केली.

मी सगळं सांगितलं. वाळूतल्या पंजांसकट. मनात म्हटलं, आता तरी याची जीभ अडखळू दे. आता तरी हा खाली बघू दे. तेवढ्याने मी निभावून नेलं असतं, खरंच सांगते.

त्याने एका हाताने मोजे घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाला, "व्वा. देतो की. खूश होईल गडी."

इथून पुढे मी त्याला अहोजाहो करणार नाही.

'खूश होईल' हे मी जपानीत सांगतच होते, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एवढंसं हॉटेल. दुसऱ्या टेबलावर एक म्हातारं जोडपं जेवत होतं, त्यांनी दचकून मान वर केली. जपानात जेवताना फोन आला की माणूस उठून बाहेर जातो. कुणाला सांगावं लागत नाही. ओकादा-सानच्या दाराबाहेर त्यासाठीच एक बाकडं ठेवलेलं होतं. बायकोने अदबीने दाराकडे हात केला. मीही म्हणाले, "बाहेर बाक आहे. बाहेर जाऊन बोला."

"कशाला? यांना कुठं मराठी कळतंय," तो म्हणाला आणि आमच्याच टेबलावर, पास्त्याच्या ताटाशेजारी कोपर टेकून फोन घेतला.

तो उठून बाहेर गेला असता, तर मी आजही त्या एजन्सीत असते आणि सर्जेरावचा हात सगळ्या जगासाठी गुऱ्हाळात गेला असता. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. चार पावलांवर दार होतं. पण आपल्यासमोर बसलेली बाई मराठी आहे, हे त्याच्या खिजगणतीतच नव्हतं.

"हां चव्हाण, बोल. शुद्धीवर आला? बरं. डॉक्टर विचारतायत होय. मग सांगायचं गुऱ्हाळात गेला म्हणून. पाहुण्याच्या गुऱ्हाळात, चरकात हात सापडला. अरे, त्याच्या बायकोला समजावून सांग. म्हणावं, कारखान्याचं नाव घेतलं तर भावाची नोकरी पण जाईल. तार काढलीस न्हवं? दुसऱ्या मशिनची पण काढ. नको, काढू नको, उत्पादन बसंल. इन्स्पेक्टर येऊन गेला की परत बांधा. पगाराचं मी आल्यावर बघतो. आन् एवढ्यातेवढ्याला फोन लावू नको, जेवायला बसलोय."

फोन पालथा घालून त्याने मोज्यांशेजारी ठेवला आणि काटा उचलला.

कुमागाई-साननी काळजीने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारतायत," मी म्हणाले.

"सांगा, बायकोचा फोन होता. किरकोळ."

"सांगते," मी म्हणाले. "आधीचं आधी."

मी खुर्ची थोडी कुमागाई-सानकडे वळवली. रागाने माझा आवाज जाईल अशी मला भीती वाटत होती. गेला नाही. उलट इतका थंड आणि स्वच्छ आवाज माझा पूर्वी कधी लागला नव्हता. मी रीतीप्रमाणे 'मी'च म्हणत गेले.

"हां चव्हाण, बोल. शुद्धीवर आला? डॉक्टर विचारतायत. मग सांगायचं की गुऱ्हाळात हात गेला, उसाच्या चरकात सापडला. त्याच्या बायकोला सांग, कारखान्याचं नाव घेतलं तर तिच्या दिराची नोकरी जाईल. बटणाची तार काढलीस ना? दुसऱ्या मशिनची पण काढ. नको, काढू नको, माझं उत्पादन कमी होईल. इन्स्पेक्टर येऊन गेला की परत बांधा. पगाराचं मी आल्यावर बघतो. एवढ्यातेवढ्याला मला फोन करू नको. मी जेवायला बसलोय." मी श्वास घेतला. "आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या बायकोचा फोन होता. किरकोळ."

'बटण' आणि 'तार' हे शब्द आल्यावर कुमागाई-साननी पेला खाली ठेवला होता. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या बटणांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. काउंटरमागे नळ वाहत होता तो बंद झाला.

सावर्डेकरला शब्द कळले नाहीत, पण चेहरे कळले. "काय सांगितलंत?" तो म्हणाला. "मॅडम, काय सांगितलंत तुम्ही?"

"तुम्ही टेबलावर जे बोललात ते."

"फोन? माझा फोन? तो खाजगी होता."

"बाक बाहेर होता."

तो लाल झाला. "पैसे कोण देतंय तुम्हाला? आँ? आपल्या माणसाचं सोडून या चपट्यांची बाजू घेताय? बाई माणूस म्हणून गप्प बसलोय, नाहीतर दाखवलं असतं. धंद्यातनं उठवीन तुम्हाला."

मी तेही कुमागाई-सानना सांगितलं, शब्दाला शब्द. 'चपट्या'ला जपानीत जो शब्द आहे तोच वापरला. 'बाई माणूस म्हणून गप्प बसलोय' हे मला स्वतःलाच उद्देशून 'मी' लावून म्हणावं लागलं. ते म्हणताना माझ्या अंगावर काटा आला, पण मजाही आली. खोटं कशाला बोलू.

कुमागाई-सान काही ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कुणाचा हात?"

"कुणाचा हात, असं विचारतायत," मी मराठीत म्हणाले.

सावर्डेकरने मोज्यांकडे बघितलं. त्या बघण्यानेच उत्तर दिलं.

"कुठला?" कुमागाई-सान म्हणाले.

"कुठला, असं विचारतायत. साहेब, सांगा. तुम्ही जे सांगाल तेच मी सांगणार आहे."

"चला," तो उठला. "मला टॅक्सी बोलवा."

"मला टॅक्सी बोलवा," मी जपानीत म्हणाले. ओकादा-सानच्या बायकोने टॅक्सी बोलावली. टॅक्सी येईपर्यंत तो दारात पाठमोरा उभा राहिला. तो गेल्यावर तिने ताट उचललं आणि चटणी सांडली होती तिथे टेबल पुसलं. एकदा पुसलं, मग परत पुसलं.

कुमागाई-साननी ती जोडी स्वतःकडे ओढून घेतली होती. एक मोजा एका हातावर, दुसरा दुसऱ्या हातावर, असे ते नुसते बसले होते. मला वाटलं, आता ते मला विचारतील की हे खरं का. त्यांनी विचारलं, "त्यांच्याशी बोलता येईल का?"

कोल्हापुरात तेव्हा अजून ऊन असणार. मी सर्जेरावच्या बायकोचा नंबर शोधला. आम्ही दोघं उठून बाहेर गेलो आणि त्या बाकड्यावर बसलो. आम्हाला रीत कळत होती. लाँड्रीतून इस्त्रीची वाफ येत होती. निघताना ओकादा-साननी माझ्या शिंपल्या टाकल्याचा आवाज ऐकू आला. त्या मी गार झाल्यावरच खाल्ल्या.

मालनने फोन घेतला, माझं नाव ऐकून रडू लागली, मग तिने फोन त्याच्या कानाशी धरला.

"ताई," तो म्हणाला. आवाज झोपेतल्यासारखा. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कुमागाई-सान शेजारी बसलेत. ते विचारतायत, काय झालं?"

पलीकडे त्याने मालनला हळूच काहीतरी विचारलं. मग, "गुऱ्हाळात गेला हात. पाहुण्याच्या. माझंच ध्यान नव्हतं."

आणि मला ते सांगावं लागलं. 'गुऱ्हाळात माझा हात गेला. माझंच लक्ष नव्हतं.' त्या संध्याकाळी मी जेवढं खोटं माझ्या तोंडाने बोलले, त्यातलं हे सगळ्यात जड. सावर्डेकरचं खोटं बोलताना राग आला होता. हे बोलताना त्या माणसाने पढवलेलं वाक्य अंथरुणावर पडलेल्याच्या तोंडून निघतंय याचा संताप आला. इतका, की मी बाकड्याची कड धरून बसले.

कुमागाई-सान फोनकडे तोंड करून हळू म्हणाले, "सर्जेराव-सान, ते मशिन माझं आहे. त्याने हात कसा जातो हे मला ठाऊक आहे. ऊस पिळताना तुमचं लक्ष नसेल, पण माझ्या मशिनवर तुमचं लक्ष नव्हतं असं मी मानणार नाही. मी शिकवलंय तुम्हाला."

मी ते मराठीत सांगितलं. सांगता सांगता 'शिकवलंय' वर माझा आवाज फाटला. दुभाष्याचा आवाज फाटू नये. फाटला.

"एक बटण बांधलेलं हुतं," सर्जेराव म्हणाला. आता आवाज जागा होता. "मी नको म्हटलं हुतं. दोनदा म्हटलं. चव्हाणसाहेब म्हणलं, नको तर घरी बस. मी नको म्हटलं हुतं, ताई, एवढं सांगा त्यास्नी."

"मी नको म्हटलं होतं," मी जपानीत म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. दुसऱ्याच दिवशी एजन्सीने मला काढलं. नागोयातल्या इतर एजन्सींतही 'ही बाई सगळंच बोलते' असं पसरलं. आता मी कोर्टात दुभाष्याचं काम करते. तिथे सगळंच बोलायचं असतं. कुमागाई-सान पुढच्या आठवड्यात स्वतः कोल्हापूरला गेले, मला बरोबर घेऊन. तार काढलेली होती, पण बटणाच्या मानेवर तिचे वळ तसेच होते. इन्स्पेक्टरसमोर त्यांनी ते वळ बोटाने दाखवले आणि कारखान्यातला अपघात कारखान्यातला म्हणूनच नोंदला गेला. मशिनं त्यांनी सावर्डेकरला दिली नाहीत. सर्जेरावच्या भावाची नोकरी गेली, सावर्डेकरने ते बोलल्याप्रमाणे करून दाखवलं. पुढे भावाला दुसरीकडे काम मिळालं. सर्जेराव आता घरची शेती बघतो. सावर्डेकर अजून आहे, सत्कार होतात त्याचे, फोटो येतात पेपरात. फोटो दिसला की मी पेपर घडी घालून ठेवते आणि नवऱ्याला कळतं की आज माझ्याशी जरा जपून बोलायचं.

पण त्या बाकड्यावरचं शेवटचं बोलणं राहिलं. फोन ठेवायच्या आधी सर्जेरावने विचारलं, "ताई, म्हाताऱ्यानं मोजं शिवून देतो म्हटलं हुतं. वाळूत हात उमटवून घेतलं हुतं माझं. झालं काय ते?"

मला हे सांगवेना. पण विचारलं होतं कुमागाई-सानना, मला नाही. मी सांगितलं.

जोडी त्यांच्या मांडीवरच होती. ते म्हणाले, "झालेत. दोन्ही."

पलीकडे मालन काहीतरी बोलली, त्याने तिला गप्प केलं. मग तो म्हणाला, "डावा तेवढा पाठवून द्या म्हणावं. उजवा राहू द्या तिथंच. मशिन शिकायला नवी पोरं येत्यात न्हवं, त्यास्नी दिसंल असा टांगून ठेवा. आन् सांगा, हा सर्जेरावचा."

मी शब्दाला शब्द सांगितलं. कुमागाई-सान उठले, आणि त्या एवढ्याशा फोनपुढे, लाँड्रीच्या दारात, कमरेत वाकले.

उजवा मोजा अजून कुमागाई-सानच्या कारखान्यात टांगलेला आहे, मशिनच्या बटणांच्या वरच, कुणाच्याही नजरेत भरेल असा. कुवानाला गेले की मी बघून येते. चामडं कोरंकरकरीत आहे, कुणी घातलेलंच नाही. दर खेपेला वाटतं, आता तरी राग ओसरला असेल. ओसरलेला नसतो.